सात रुपयांचा प्रश्न

२०१९चा महापूर ओसरून काही महिने झाले होते. मिरजेतल्या एका दुकानाच्या गूगल जाहिरातींचं काम मी नुकतंच हातात घेतलं होतं. पेशंटला घरी लागणारं सामान भाड्यानं देणारं दुकान. फाउलर बेड, एअर बेड, वॉकर, कमोड खुर्ची, सक्शन मशीन, असं सगळं. सकाळी चहा घेऊन बसले आणि आठवड्याचा सर्च टर्म्स रिपोर्ट उघडला. आपली जाहिरात दिसली त्या क्षणी समोरच्या माणसानं नेमकं काय टाइप केलं होतं, ते या रिपोर्टमध्ये ओळीनं लागलेलं असतं. ‘हॉस्पिटल बेड रेंट सांगली’, ‘फाउलर बेड प्राइस’, ‘व्हीलचेअर मिरज’, या रोजच्या ओळखीच्या ओळी. आणि त्यांच्यामध्येच एक ओळ, ‘वडील पडले बेडवरून उठत नाहीत काय करू’. रोमन लिपीत, एका दमात लिहिलेली, कुठे स्वल्पविराम नाही की प्रश्नचिन्ह नाही. त्यातल्या ‘बेड’ या शब्दाला धरून आमची जाहिरात तिथवर पोचली होती. पुढच्या रकान्यांत इम्प्रेशन, म्हणजे जाहिरात किती वेळा दिसली ते, १, क्लिक १, खर्च सात रुपये आणि वर काही पैसे, आणि कन्व्हर्जन, म्हणजे क्लिकनंतर झालेली खरेदी किंवा चौकशी, ०. त्या दिवसाचा तासवार तक्ता काढला तर मध्यरात्रीनंतर एकच क्लिक होता, दोन ते तीनच्या मधला.

आमच्या धंद्याचा शिरस्ता अशा ओळीबद्दल अगदी स्पष्ट आहे. ज्याला विकत किंवा भाड्यानं काही घ्यायचं नाही, नुसती माहिती हवी आहे, त्याच्यावर बजेट घालवायचं नाही. ‘काय करू’, ‘कसे’, ‘घरगुती उपाय’ हे शब्द निगेटिव्ह कीवर्डच्या यादीत टाकायचे, म्हणजे पुन्हा तसा प्रश्न आला तर आपली जाहिरात दिसतच नाही. कोणत्याही शिकवणीत पहिल्या आठवड्यात हे शिकवतात आणि ते शिकवणं बरोबरच आहे. छोट्या दुकानदाराचे रोजचे दोनशे-तीनशे रुपये असतात, ते सांभाळणं आपलं काम असतं. ओळीच्या डाव्या बाजूला एक चौकोन असतो. त्यावर टिक केली की वर दोन पर्याय येतात, कीवर्ड म्हणून, म्हणजे ज्यावर आपली जाहिरात दिसावी असा शब्द म्हणून घ्या, नाहीतर निगेटिव्हमध्ये टाका. तिसरा पर्याय नसतो.

मी तो चौकोन मोकळा सोडला आणि पुढच्या ओळीवर गेले. पण ती ओळ डोक्यातून गेली नाही.

मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४मध्ये इथे मिशन हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून माणसं इथे बरी व्हायला येतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडून तर येतातच, अथणी, चिकोडी, विजापूरकडूनही येतात. स्टेशनवर उतरणाऱ्या माणसांच्या हातात एक्स-रेचे मोठे लखोटे दिसतात. दवाखान्यांच्या गल्लीत फिनेलचा, उकळत्या चहाचा आणि केळ्यांच्या गाड्यांचा मिळून एक वास असतो, तो मी लहानपणापासून ओळखते. पायऱ्यांवर बसलेले नातेवाईक पूर्वी एकमेकांना विचारायचे, कुठला डॉक्टर, कुठली खानावळ, गोळ्या कुठे स्वस्त. आता बरेच जण फोनला विचारतात. २०१७च्या ऑगस्टमध्ये गूगलनं मराठी आणि कन्नडसह आठ भारतीय भाषांत बोलून शोधायची सोय दिली, तेव्हापासून ज्यांना टाइप करणं जड जातं तेही फोन तोंडाजवळ धरून विचारतात. डिस्चार्जच्या दिवशी सिस्टर सांगते, ‘घरी बेड करून घ्या, कूस बदलत राहा.’ घरी बेड करायचा म्हणजे काय करायचं, हे त्या मुलाला किंवा सुनेला तिथल्या तिथे विचारायचं सुचत नाही. बिलाची खिडकी, औषधांची पिशवी, रिक्षा, सगळं एकाच वेळी चाललेलं असतं. मग तो प्रश्न रात्री घरी येतो.

या प्रश्नांची मोजदाद करायची जी साधनं आहेत, त्यांच्यात हे प्रश्न फारसे सापडत नाहीत. कुठला शब्द किती शोधला जातो ते सांगणारा गूगलचा कीवर्ड प्लॅनर उघडून ठिकाण सांगली जिल्हा आणि भाषा मराठी ठेवली की बहुतेक शब्दांपुढे नुसती आडवी रेघ येते. काहींपुढे महिन्याला ‘१० ते १००’. ज्या खात्यातून फारसा खर्च होत नाही त्याला नेमका आकडा मिळत नाही, अशी ढोबळ पट्टीच मिळते, हे २०१६पासून असंच आहे. बरं, रेघ आलेला शब्द तरीही कीवर्ड म्हणून घातला, तर त्यापुढे ‘लो सर्च व्हॉल्यूम’ असा शेरा पडतो आणि शोध वाढेपर्यंत तो शब्द निपचित पडून राहतो. दिल्ली-मुंबईच्या इंग्रजी शब्दांपुढे हजारांचे आकडे असतात. मिरजेतल्या माणसाच्या घरच्या भाषेतल्या प्रश्नापुढे रेघ असते. पहिल्यांदा बघणारा समजतो की इथे कुणी काही विचारत नाही. मी पायऱ्यांवरची माणसं बघत मोठी झाले, म्हणून मला त्या रेघेवर विश्वास ठेवता आला नाही. शिवाय एकच माणूस एक गोष्ट दहा तऱ्हांनी लिहितो. बेडसोअरसाठी कुणी ‘बेडसोल’ लिहितं, कुणी ‘पाठीला जखम झोपून’, कुणी देवनागरीत, कुणी रोमन लिपीत. प्रत्येक तऱ्हा वेगळी मोजली की प्रत्येकीपुढे रेघच येणार.

या धंद्याचा उगम वाचायला मला नेहमी आवडतं, कारण सुरुवातीला तो आजच्यापेक्षा बराच उघडा होता. १९९८मध्ये अमेरिकेत बिल ग्रॉस यांच्या गोटू या सर्च इंजिननं शब्दांचा लिलाव सुरू केला. ज्यानं जास्त बोली लावली त्याचा दुवा वर. आणि प्रत्येक दुव्याशेजारी जाहिरातदार एका क्लिकचे किती सेंट देतो आहे, हे शोधणाऱ्याला दिसायचं. पुढे त्याच कंपनीचं नाव ओव्हरचर झालं, २००३मध्ये ती याहूनं घेतली. गेल्या महिन्यात अमुक शब्द किती वेळा शोधला गेला हे कुणालाही फुकट दाखवणारं ओव्हरचरचं साधन त्या काळात या कामातल्या प्रत्येकाच्या हाताशी असायचं. गूगलनं २०००च्या ऑक्टोबरमध्ये ॲडवर्ड्स ही आपली जाहिरातींची सेवा आणली आणि २००२च्या फेब्रुवारीत त्यात एक मोठा बदल केला. नुसती बोली बघायची नाही, लोक त्या जाहिरातीवर किती क्लिक करतात तेही धरायचं. लोकांना उपयोगाची वाटणारी जाहिरात कमी बोलीतही वर जाऊ लागली. आजचा क्वालिटी स्कोअर हा त्याच विचाराचा पुढचा अवतार. एक ते दहा गुण, आणि त्यात क्लिक होण्याची शक्यता, प्रश्नाशी जाहिरातीचं नातं आणि क्लिकनंतर उघडणारं पान, या तिन्हींचा हिशोब. मला हा नियम मनापासून आवडतो. ज्याच्याकडे पैसे कमी आहेत पण सांगण्यासारखं खरं काहीतरी आहे, त्याला या बाजारात उभं राहायला जागा मिळते ती याच्यामुळे. अण्णांच्या दुकानाला मिळाली, ती मी बघितली आहे.

अण्णा म्हणजे दुकानाचे मालक. वडिलांच्या वेळी सायकलींचं दुकान होतं. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा पुण्याहून बेड मागवावा लागला, आई गेल्यावर तोच बेड शेजाऱ्यांना दिला, आणि तिथून हा धंदा सुरू झाला. त्यांना मी तो प्रश्न फोनवर वाचून दाखवला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘ताई, रोज विचारत्यात असं. बेड टाकायला घरी गेलो की पहिलं हेच. उचलायचं कसं हेच म्हाईत नसतंय लोकांना. दोघं दोन बगलांत हात घालून वडत्यात, आणि म्हाताऱ्याचा खांदा जातोय.’

त्या एका वाक्यातून आम्ही दुकानाच्या वेबसाइटवर एक पान केलं. ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट बाईंना बसवून घेतलं, त्यांनी सगळं तपासून दिलं. घरातलं वडीलधारं माणूस पडलं तर आधी उचलू नका. दम घ्या, त्यांनाही घेऊ द्या, कुठे दुखतं ते विचारा. मांडीच्या सांध्यात दुखत असेल, एक पाय आखूड वाटत असेल किंवा बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल, तर उभं करण्याचा प्रयत्नच करायचा नाही, १०८ला फोन करायचा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर वरून ठीक दिसत असले तरी दवाखान्यात न्यायचं. काही दुखत नसेल तर आधी कुशीवर, मग हातापायांवर, मग खुर्चीचा आधार, असं त्यांचं त्यांनाच उठू द्यायचं. खाली दर दोन तासांनी कूस बदलण्याबद्दल, टाच आणि माकडहाड रोज बघण्याबद्दल. दुकानाचा फोन सगळ्यात शेवटी. अण्णा म्हणाले की बेडचे फोटो वर नकोत, माणूस त्या वेळी फोटो बघत नसतो. या कामात मला लाभलेला हा सगळ्यात चांगला सल्ला आहे.

पानाचं काम संपून थोडे दिवस होतात तोवर कोविड आला. पहिली लाट कशीबशी गेली. दुसऱ्या लाटेतला एप्रिल आठवला की अजून हात थंड पडतात. गूगल ट्रेंड्समध्ये भारत निवडून ‘ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर’ बघा, पाच-दहा वर्षांची रेघ तळाशी सरपटत येते आणि २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत एकदम उभी होते. ट्रेंड्समध्ये खरे आकडे नसतात. त्या काळातल्या सगळ्यात उंच टोकाला शंभर मानून बाकीचं त्याच्या प्रमाणात दाखवतात. त्या शंभराच्या मागे काय होतं ते त्या साधनात कुठेच नाही. माझ्या खात्यात क्लिक धो धो येत होते आणि अण्णांच्या गोदामात एकही मशीन उरलं नव्हतं. नसलेल्या वस्तूची जाहिरात चालवणं मला सहन होईना, मी कॅम्पेन थांबवलं. फोन थांबले नाहीत. नकाशावर दुकानाचं नाव आणि नंबर होता, व्हॉट्सॲपवर कुणीतरी याद्या फिरवत होतं. अण्णांनी दुकानाच्या माहितीत ‘मशीन शिल्लक नाही’ असं लिहायला लावलं, तरी माणसं फोन करायची. ‘नाही माहीत आहे, पण कुठे मिळेल तेवढं सांगा.’ अण्णांची मुलगी वही घेऊन बसायची, कुणाचं मशीन परत आलं, कुणाला आधी द्यायचं. दोन आकडी फोन रोज, आणि प्रत्येकाला ‘नाही’ म्हणायचं.

शोध म्हणजे गरज, आणि गरज म्हणजे विकण्याची संधी, असं आमच्या क्षेत्रात सर्रास बोललं जातं. मी ते बोलत नाही. याला कारण मिरजेच्या अगदी जवळचं एक गाव आहे. २०१७च्या मार्चमध्ये म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. आमच्या घरात त्या दिवसांत कुणी नीट जेवलं नव्हतं. त्याच्या थोडंच आधी, २०१६च्या सप्टेंबरात, डॉ. साबू जॉर्ज यांच्या २००८च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयात गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी गर्भलिंगनिदानाच्या जाहिराती आपोआप अडवण्याची तयारी दाखवली होती. अशा जाहिरातीला पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याच्या कलम २२नं आधीपासूनच बंदी होती. कागदावरची बंदी सर्च बॉक्सपर्यंत यायला इतकी वर्षं गेली, कारण तिथे कुणीतरी विचारत होतं आणि कुणीतरी बोली लावत होतं. प्रत्येक प्रश्नासमोर दुकान मांडायचं नसतं, हे मला कुठल्या प्रमाणपत्रानं शिकवलं नाही, या जिल्ह्यानं शिकवलं.

आणि जिथे प्रश्न निर्मळ असतो, तिथेही समोर कोण उभं आहे ते बघावं लागतं. ‘पेशंट बेड मिरज’ शोधलं की वरच्या जाहिरातींत काही अशा असतात ज्यांचा मिरजेत एकही बेड नाही. फॉर्म भरून घ्यायचा आणि तो नंबर तीन-चार दुकानांना विकायचा, एवढाच त्यांचा व्यवहार. पाच मिनिटांत त्या घरात चार अनोळखी फोन येतात. कस्टमर केअरचा खोटा नंबर लावून बँक खातं रिकामं करणारे तर सगळ्यांनाच माहीत आहेत. गूगलनं २०२३च्या मार्चमध्ये ॲड्स ट्रान्स्परन्सी सेंटर उघडलं. तिथे कुणालाही जाहिरातदाराचं पडताळलेलं नाव आणि त्याच्या चालू जाहिराती बघता येतात, लॉगिनही लागत नाही. आमच्या क्षेत्रातले लोक ते प्रतिस्पर्ध्यांच्या जाहिराती चाळायला वापरतात. मी ओळखीच्या प्रत्येक घरात दाखवते की जाहिरातीशेजारच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवा, कोण पैसे देतंय ते बघा, मग फोन करा. सासूबाईंना हे आता सवयीचं झालं आहे.

पण ज्या ओळीपासून मी सुरुवात केली, तशी ओळ मला आता बहुधा दिसणार नाही.

२०२०च्या सप्टेंबरात गूगलनं सर्च टर्म्स रिपोर्ट आखडता घेतला. पुरेशा लोकांनी वापरलेले शोधच त्यात दाखवायचे, बाकीचे एकत्र करून नुसती बेरीज द्यायची, असं ठरलं. कारण दिलं खाजगीपणाचं. ते कारण खोटं आहे असं मी म्हणणार नाही. ‘वडील पडले’ लिहिणाऱ्या माणसानं ते मला उद्देशून लिहिलं नव्हतं. माझ्या आईबद्दल कुणी असं काही माझ्या नकळत वाचलं असतं तर मला आवडलं नसतं. तरी मन पूर्ण मानत नाही. पैसे त्या क्लिकचेही जातात, अण्णांच्या खात्यातून. कुठल्या प्रश्नासाठी गेले ते मात्र कळत नाही. आणि पुरेशा लोकांनी विचारलेला प्रश्न म्हणजे बहुतेक इंग्रजीतला, मोठ्या शहरातला, सगळ्यांना माहीत असलेला प्रश्न. एकट्या माणसानं आपल्या शब्दांत विचारलेला प्रश्न त्या बेरजेत जातो. गूगलच्या परफॉर्मन्स मॅक्ससारखी नवी कॅम्पेन तर यंत्रच चालवतं, कुठे काय दाखवायचं ते तेच ठरवतं. यंत्राला कन्व्हर्जन शिकवलेलं आहे. रात्री दोन वाजता ‘काय करू’ विचारून काहीही न घेता निघून गेलेला माणूस त्याच्या लेखी टाळण्याजोगाच राहणार.

मला अजून जे दिसतं ते सर्च कन्सोलमध्ये. ते जाहिरातींचं साधन नाही, आपलं पान शोधात कुठे येतं ते फुकट दाखवणारं आहे. तिथेही फार थोड्यांनी विचारलेले प्रश्न झाकलेले असतात, आणि सोळा महिन्यांपलीकडचं काही राहत नाही. म्हणून मी दर महिन्याला ते उतरवून वर्षवार फोल्डरमध्ये ठेवते. पडण्याच्या पानावर लोक कसकसे पोचतात ते त्यात वाचायला मिळतं. ‘आजी बाथरूममध्ये घसरली’, ‘झोपून पेशंटला जेवण कसे द्यावे’, ‘पाय वाकडा दिसतोय पडल्यावर’. हा शेवटचा वाचला तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि पाणी प्याले. त्या माणसानं आमचं पान उघडलं होतं आणि त्याला हवी असलेली ओळ पानावर तिसऱ्याच परिच्छेदात होती. पुढे काय झालं ते कुठल्याही रकान्यात येत नाही. ऑगस्ट २०२४पासून भारतात शोधाच्या वर एआयनं तयार केलेलं उत्तर दिसायला लागलं आहे. तिथेच वाचून माणूस परत जातो, पानावर येतच नाही. वरचं उत्तर बरोबर असेल तर मला त्याचं दुःख नाही. पण ते उत्तर कुठल्यातरी पानावरूनच उचललेलं असतं, आणि आखूड दिसणाऱ्या पायाबद्दल मराठीत कुणी नीट लिहिलेलंच नसेल तर ते कुठून उचलणार?

म्हणून आमचं काम चालू आहे. क्लासच्या दोन मुली माझ्याकडे शिकायला येतात. त्यांना मी कीवर्ड प्लॅनर दाखवायच्या आधी अण्णांच्या दुकानात बसवते, आलेले फोन ऐकायला. कुणी काय विचारलं ते माणसाच्या शब्दांत वहीत लिहायचं, नाव आणि नंबर लिहायचा नाही. रिपोर्ट जे झाकतो त्यातलं बरंच काही त्या वहीत येतं. गेल्या महिन्यात त्यातल्या एकीनं विचारलं, ‘ताई, अशा प्रश्नांवर जाहिरात लावली तर? विकायला नाही, नुसतं पान दाखवायला.’ मी अण्णांसमोर हिशोब मांडला. असे क्लिक स्वस्त पडतात, कारण त्यांच्यावर दुसरं कुणी बोली लावत नाही, आणि पान प्रश्नाला धरून आहे म्हणून क्वालिटी स्कोअर चांगला राहतो. तरी पैसे ते पैसेच. अण्णांनी रोजचे पन्नास रुपये त्यासाठी वेगळे काढायला सांगितलं, रात्री अकरा ते सकाळी सहा एवढ्याच वेळासाठी. जाहिरातीच्या मथळ्यात दुकानाचं नाव नाही, ‘घरातलं कुणी पडलं? आधी उचलू नका’ एवढंच आहे. मराठीतली सुरू झाली आहे. अथणीकडून येणारे कन्नड फोन वाढलेत, त्यामुळे कन्नड पान आधी पुरं करायचं आहे. मजकूर तपासून झाला, कुशीवरून उठवण्याची चित्रं तेवढी काढायची राहिली आहेत.